सामुराई, गॉडझिला आणि भाताची लावणी

अकिरा कुरोसावांचा ‘सेव्हन सामुराई’ कुठे संपतो ठाऊक आहे? रणांगणावर नाही, भाताच्या खाचरात. दरोडेखोरांचा निकाल लागलेला असतो, सातातले चार सामुराई मातीआड गेलेले असतात आणि गावकरी कामाला लागलेले असतात. एकजण ढोल बडवतोय, एकजण बासरी फुंकतोय, बायका चिखलात ओळीने वाकून रोपं टोचताहेत आणि तोंडाने गाणं चालू आहे. बिरवाडीत काळ नदीच्या अंगाने आषाढात चक्कर मारली, तर नेमकं हेच दिसतं. जपानी सिनेमा आपल्याला झेपायचा नाही असं म्हणणाऱ्या प्रत्येकाने आधी ही पाच मिनिटं बघावीत.

जपानी चित्रपटांचे महोत्सव आज जगभर दरवर्षी भरतात, आपल्या मुंबईतही भरतात. तिथे जायचं तर पोतडीत चार गोष्टी हव्यात. बिरवाडी, महाड, पोलादपूरच्या मंडळींसाठी ही घ्या शिदोरी.

१. गावाची खानेसुमारी

‘सेव्हन सामुराई’ १९५४ सालचा. लांबी ३ तास २७ मिनिटं, मधे मध्यंतर. कुरोसावांनी या चित्रपटासाठी गाव नुसतं उभारलं नाही, तर गावातल्या १०१ माणसांची कुटुंबवार नोंदवही तयार केली. कोण कोणाचा मुलगा, कोण कोणाची सून, सगळं लिहून ठेवलेलं. मागे उभ्या असलेल्या माणसालाही आपलं घर कुठलं ते माहीत असायचं. म्हणून पडद्यावरचं ते गाव खरं वाटतं.

गोष्ट तशी सरळ. दरवर्षी दरोडेखोर येऊन पीक लुटतात, म्हणून शेतकरी लढवय्ये ठेवतात. मोबदला काय, तर पोटभर भात. सामुराईंच्या पानात भात पडावा म्हणून शेतकरी स्वतः हलकं धान्य खाऊन राहतात. ही गोष्ट अमेरिकेत गेली आणि १९६० साली ‘द मॅग्निफिसंट सेव्हन’ झाली. त्याच घराण्यातला आपला ‘शोले’. तलवारीच्या चित्रपटांचं आपल्याला वावडं नाहीच. पोलादपूरजवळचं उमरठ हे तानाजी मालुसऱ्यांचं गाव, आणि भालजी पेंढारकरांपासून दिग्पाल लांजेकरांपर्यंत मावळ्यांच्या चित्रपटांची आपली परंपरा चालत आलेली आहे.

२. जळवांवर उतारा मिठाचा

‘राशोमोन’चं (१९५०) बरंचसं चित्रीकरण नाराच्या जंगलात झालं. झाडांवरून जळवा टपाटप अंगावर पडायच्या. पाय, मान, दंड, काही सुटेना. मग सगळ्या मंडळींनी मुक्कामावरून निघण्याआधीच मानेला, हातांना आणि मोज्यांना मीठ चोळायला सुरुवात केली. हा किस्सा कुरोसावांनी आत्मचरित्रात सांगितलाय. पावसाळ्यात सह्याद्रीच्या ओल्या रानात शिरणाऱ्याला हा उतारा शिकवावा लागत नाही!

त्याच चित्रपटातला पाऊसही बघण्यासारखा. पडक्या वेशीवर मुसळधार कोसळतोय. पण करड्या आभाळासमोर पाण्याच्या धारा कॅमेऱ्यात उठेनात. तेव्हा बंबाच्या पाण्यात काळी शाई कालवली आणि तो पाऊस पाडला. छायाचित्रकार काझुओ मियागावा यांनी तर कॅमेरा थेट सूर्यावर रोखला. त्या काळी असं करायला कोणी धजावत नसे. रानातल्या दाट सावलीत उजेड पोचवायला त्यांनी आरसे लावले होते.

३. सिंहाकडून शिकवणी

‘राशोमोन’मधला दरोडेखोर ताजोमारू रंगवला तोशिरो मिफुनेने. तो कसा वागेल हे ठरत नव्हतं. मुक्कामाच्या ठिकाणी मंडळी आफ्रिकेतला एक प्रवासपट बघत होती. पडद्यावर सिंह आला आणि कुरोसावा मिफुनेला म्हणाले, हाच आपला ताजोमारू. आता चित्रपट बघाल तेव्हा त्याचं अंग खाजवणं, दचकून मान वळवणं, एकाएकी झेप घेणं नीट बघा.

४. दिग्दर्शक गेले मासे पकडायला

‘राशोमोन’ला १९५१ साली व्हेनिसचा सुवर्णसिंह मिळाला. गंमत अशी, की आपला चित्रपट व्हेनिसला गेलाय हेच कुरोसावांना माहीत नव्हतं. जपानमध्ये चित्रपट व्यवसायात काम करणाऱ्या जुलियाना स्त्रामिजोली या इटालियन बाईंनी तो उचलून धरला होता. बातमी आली त्या दिवशी कुरोसावा नदीवर गळ टाकायला गेले होते. गळाची दोरी तुटली, हात हलवत परतले, तर दारातच बायकोने अभिनंदन केलं.

‘सेव्हन सामुराई’च्या वेळी पैसे संपले आणि स्टुडिओने काम थांबवलं, तेव्हाही हे गृहस्थ निवांत मासे पकडत बसले. एवढा पैसा ओतल्यावर स्टुडिओ माघार घेणार नाही हा त्यांचा हिशोब होता. तो बरोबर निघाला.

५. ‘अमर भूपाळी’चा जपानी सोबती

भारताचा पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव कुठे भरला? मुंबईत, २४ जानेवारी १९५२ रोजी. त्यात मराठीचा झेंडा व्ही. शांतारामांच्या ‘अमर भूपाळी’कडे होता आणि पाहुण्यांच्या पंगतीत ‘युकिवारीसो’ हा जपानी चित्रपट होता. म्हणजे जपानी आणि मराठी सिनेमा एका महोत्सवात आले त्याला सत्तर वर्षं उलटून गेली.

त्याच वर्षी कोलकात्यात ‘राशोमोन’ आला आणि सत्यजित राय लागोपाठ तीन दिवस तो बघायला गेले. ‘पथेर पांचाली’ अजून व्हायचा होता. आणि व्हेनिसचं कौतुक आपल्याला नवं नाही बरं का. प्रभातच्या ‘संत तुकाराम’चा गौरव तिथे १९३७ सालीच झाला होता, ‘राशोमोन’च्या चौदा वर्षं आधी.

६. एकच नट, चार अजरामर चित्रपट

ताकाशी शिमुरा हे नाव लक्षात ठेवा. ‘राशोमोन’मधला लाकूडतोड्या तेच, ‘सेव्हन सामुराई’चे म्होरके तेच, ‘गॉडझिला’तले वृद्ध शास्त्रज्ञ तेच आणि ‘इकिरू’मधले (१९५२) वातानाबेही तेच.

‘इकिरू’ तर सगळ्यांनी बघावाच. वातानाबे हे नगरपालिकेतले एक अधिकारी. तीस वर्षं फायलींवर शिक्के मारलेत. एका वस्तीतल्या बाया सांडपाण्याचं डबकं बुजवा म्हणून अर्ज घेऊन येतात. या खात्यातून त्या खात्यात, तिथून तिसऱ्या खात्यात, असं करत त्या सगळं कार्यालय फिरतात आणि शेवटी पहिल्या टेबलाशी परत येतात. मग वातानाबेंना कळतं, की पोटाचा कर्करोग झालाय, दिवस थोडे उरलेत. उरलेल्या दिवसांत ते त्या डबक्याच्या जागी मुलांसाठी बाग उभी करतात. ग्रामपंचायतीपासून तहसीलपर्यंत ज्याने एकदा तरी हेलपाटे घातलेत, त्याच्या काळजाला हा चित्रपट भिडणारच. सत्तर वर्षांनी, २०२२ साली, याच गोष्टीवर ‘लिव्हिंग’ हा इंग्रजी चित्रपट आला. त्याची पटकथा नोबेल विजेते काझुओ इशिगुरो यांची.

७. डरकाळीचं गुपित: हातमोजा आणि राळ

‘सेव्हन सामुराई’ एप्रिल १९५४ मध्ये आला, ‘गॉडझिला’ त्याच वर्षी नोव्हेंबरात. स्टुडिओही एकच, तोहो. गॉडझिलाची डरकाळी कुठल्याही प्राण्याची नाही. संगीतकार अकिरा इफुकुबे यांनी चामड्याच्या हातमोज्याला राळ लावली, डबल बास या भल्यामोठ्या तंतुवाद्याच्या सैल केलेल्या तारांवरून तो घासला आणि तो आवाज ध्वनिमुद्रित केला. पोशाखाच्या आत होता हारुओ नाकाजिमा. पहिल्या पोशाखाचं वजन सुमारे १०० किलो! जड जनावर कसं चालतं ते बघायला तो प्राणिसंग्रहालयात जाऊन हत्ती आणि अस्वलं न्याहाळत बसायचा.

या राक्षसामागे खरं दुःख आहे. १ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने बिकिनी बेटांवर हायड्रोजन बॉम्बची चाचणी घेतली आणि त्याची किरणोत्सारी राख एका जपानी मासेमारी बोटीवर पडली. बोटीवर २३ खलाशी होते. गॉडझिलाची गोष्ट त्या घटनेच्या सावलीत लिहिली गेली. सत्तर वर्षांनी, २०२४ साली, ‘गॉडझिला मायनस वन’ने दृश्य-चमत्कृतींचं ऑस्कर पटकावलं. ते काम केलं अवघ्या ३५ जणांच्या चमूने, आणि चमूचे प्रमुख होते खुद्द दिग्दर्शक ताकाशी यामाझाकी.

८. आईबाप निघाले मुलांकडे

यासुजिरो ओझूंचा ‘टोकियो स्टोरी’ (१९५३) म्हणजे कोकणातल्या निम्म्या घरांची गोष्ट. ओनोमिची या बंदराच्या गावातलं म्हातारं जोडपं टोकियोला मुलांकडे जातं. मुलं वाईट नाहीत, पण कामात बुडालेली. आईबापांना वेळ द्यायचा कोणी? मग त्यांना अतामीच्या गरम पाण्याच्या झऱ्यांवर धाडून दिलं जातं. मनापासून माया करते ती युद्धात नवरा गमावलेली सून. मुंबईतल्या चाकरमान्यांकडे चार दिवस राहून आलेल्या आपल्या वडीलधाऱ्यांना यातलं एकही वाक्य समजावून सांगावं लागणार नाही.

कॅमेरा नेहमी जमिनीलगत, चटईवर बसलेल्या माणसाच्या नजरेच्या उंचीवर. ओझूंचे चित्रपट फारच जपानी आहेत, बाहेर कोणाला कळायचे नाहीत, असं समजून ते बरीच वर्षं परदेशी पाठवलेच नव्हते. २०१२ साली ‘साइट अँड साउंड’ या ब्रिटिश मासिकाने जगभरच्या दिग्दर्शकांचा कौल घेतला, तेव्हा ‘टोकियो स्टोरी’ पहिला आला.

९. पाऊस, एसटीचा थांबा आणि टोटोरो

धो धो पाऊस, संध्याकाळ, रस्त्यावर एकच दिवा, पाठीवर पेंगुळलेली धाकटी बहीण आणि बाबांच्या बसची वाट बघणारी थोरली. शेजारी येऊन उभा राहतो एक अगडबंब केसाळ प्राणी. ती त्याला छत्री देते. छत्रीवर थेंबांचा ताशा वाजतो आणि स्वारी खूश! हायाओ मियाझाकींच्या ‘माय नेबर टोटोरो’मधला (१९८८) हा प्रसंग बिरवाडीच्या पोरांना दाखवा, जागचं हलणार नाहीत. एकाच तिकिटात त्या वेळी दोन चित्रपट होते: ‘टोटोरो’ आणि युद्धात पोरक्या झालेल्या भावंडांची गोष्ट सांगणारा ‘ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज’. एक हसवणारा, दुसरा ढसाढसा रडवणारा.

पावसाचाच आणखी एक: माकोतो शिंकाईंचा ‘वेदरिंग विथ यू’. टोकियोत पाऊस थांबतच नाही अशी गोष्ट. तो भारतात लागावा म्हणून सुमारे ५०,००० चाहत्यांनी अर्जावर सह्या केल्या आणि ११ ऑक्टोबर २०१९ रोजी तो खरोखर आपल्या चित्रपटगृहांत झळकला. प्रेक्षकांनी मागितलं की मिळतं, याचा हा रोखठोक दाखला.

१०. जपान्याने काढलं रामायण

युगो साको १९८३ साली भारतात आले ते उत्खननावर माहितीपट करायला. रामकथेने त्यांना असं झपाटलं, की त्यांनी पूर्ण लांबीचा अॅनिमेशनपट करायचा ठरवलं. त्यांच्या जोडीला उभे राहिले मुंबईचे राम मोहन. फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून विभागात घडलेले आणि भारतीय अॅनिमेशनचे जनक मानले गेलेले. संगीत वनराज भाटियांचं. हिंदी अवतारात रामाचा आवाज अरुण गोविल यांचा आणि रावणाचा अमरीश पुरींचा. ‘रामायण: द लिजंड ऑफ प्रिन्स रामा’ १९९३ साली दिल्लीच्या महोत्सवात दाखवला गेला आणि २४ जानेवारी २०२५ रोजी नव्याने देशभर लागला.

११. डोरेमॉनचा खाऊ, आजीच्या हातचा

डोरेमॉन जो खाऊ बघून वेडापिसा होतो, तो दोरायाकी. दोन गोल धिरड्यांमध्ये लाल चवळीसारख्या कडधान्याचं गोड सारण, आपल्या पुरणाचं सख्खं भावंड. नाओमी कावासेंचा ‘आन’ (२०१५) हा चित्रपट त्या सारणावरच आहे. एक म्हातारी पहाटे उठून दाणे शिजवते, भांड्याशी कान लावून त्यांचं म्हणणं ऐकते. दुकानापुढे रांगा लागतात. मग कळतं, की तिला एकेकाळी कुष्ठरोग होता, आणि रांग ओसरते. जपानमध्ये कुष्ठरुग्णांना वेगळं ठेवण्याचा कायदा थेट १९९६ साली रद्द झाला. बाबा आमट्यांचं आनंदवन आणि आपल्याच जिल्ह्यातलं पनवेलजवळचं शांतिवन ज्यांना ठाऊक आहे, त्यांना ही गोष्ट दूरची वाटणार नाही.

१२. झटपट सात

• ओझूंचा जन्म १२ डिसेंबर १९०३ चा, मृत्यू १२ डिसेंबर १९६३ चा. बरोबर साठाव्या वाढदिवशी.

• कुरोसावांच्या ‘योजिंबो’वरून (१९६१) परवानगी न घेता ‘अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स’ निघाला. तोहोने दावा लावला आणि तडजोडीत कमाईतला १५ टक्के वाटा मिळवला.

• २२ फेब्रुवारी २००९ च्या ज्या सोहळ्यात ए. आर. रेहमान यांनी दोन ऑस्कर घेतली, त्याच सोहळ्यात जपानचा ‘डिपार्चर्स’ सर्वोत्तम परभाषी चित्रपट ठरला.

• १० मार्च २०२४ च्या ऑस्कर सोहळ्यात गॉडझिलाबरोबर मियाझाकींचा ‘द बॉय अँड द हेरन’ही जिंकला.

• टोकियोतली सार्वजनिक स्वच्छतागृहं मनापासून घासणाऱ्या माणसाची गोष्ट म्हणजे ‘परफेक्ट डेज’ (२०२३). दिग्दर्शक जर्मन, विम वेंडर्स. तरी जपानने ऑस्करसाठी हाच चित्रपट पाठवला.

• ‘वन कट ऑफ द डेड’ (२०१७) अवघ्या ३० लाख येनमध्ये झाला. त्यातला पहिला ३७ मिनिटांचा तुकडा एका दमात घेतलाय. कमाई खर्चाच्या हजारपटीवर गेली. मोबाइलवर चित्रपट करू बघणाऱ्या आपल्या पोरांनी हा पाठच करावा.

• १९६६ च्या ‘लव्ह इन टोकियो’मध्ये आशा पारेखने वेणीला लावलेलं दोन मण्यांचं रबर पुढे त्याच नावाने गावोगावच्या बाजारात विकलं गेलं. कितीतरी आयांनी पोरींच्या वेण्या त्याने बांधल्या.

१३. बेन्शी आणि चित्रकथी

मूकपटांच्या काळात जपानमध्ये पडद्याशेजारी एक माणूस उभा राहायचा. गोष्ट सांगायचा, सगळ्या पात्रांचे आवाज काढायचा, रडवायचा, हसवायचा. त्याला बेन्शी म्हणत. नटापेक्षा बेन्शीचं नाव बघून लोक तिकीट काढत. कुरोसावांचे थोरले भाऊ हेइगो बेन्शीच होते. बोलपट आले आणि ही कला मागे पडली.

आपल्या कोकणात हीच कला त्याहून जुनी. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीचे ठाकर चित्रकथी एकेक चित्र पुढे धरून रामायण-महाभारत सांगत आलेत. २०२१ साली परशुराम गंगावणे यांना त्यासाठी पद्मश्री मिळाली. जपानी चित्रपटाला खाली इंग्रजी ओळी असतात आणि त्या वाचताना आपल्या आजीची पंचाईत होते. पडद्याशेजारी मराठीतून गोष्ट सांगणारा एक खणखणीत आवाजाचा माणूस उभा केला, की काम फत्ते.

१४. मोठे महोत्सव, छोटी सुरुवात

• सिडनी, १९९७: जपान फाउंडेशनने तीन चित्रपट फुकट दाखवले. त्यातून ऑस्ट्रेलियाभर फिरणारा जपानी चित्रपट महोत्सव उभा राहिला. आज तो जपानबाहेरच्या मोठ्या महोत्सवांत गणला जातो.

• फ्रँकफर्ट, २०००: विद्यार्थ्यांनी हौसेने ‘निप्पॉन कनेक्शन’ सुरू केला. स्वयंसेवकांच्या बळावरच तो जपानी सिनेमाच्या जगातल्या सर्वांत मोठ्या मेळाव्यांपैकी एक झाला.

• मुंबई: प्रभात चित्र मंडळ १९६८ पासून जगभरचे चित्रपट दाखवतंय. ‘थर्ड आय’ हा आशियाई चित्रपट महोत्सव २००२ साली सुरू झाला.

• पुणे: प्रभात स्टुडिओच्या आवारात १९६० पासून फिल्म इन्स्टिट्यूट आहे, शहरात १९६४ पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे आणि २००२ पासून जब्बार पटेलांचा ‘पिफ’ महोत्सव.

• गोवा: २००४ पासून ‘इफ्फी’, म्हणजे भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, तिथे भरतो. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचा विशेष देश होता जपान.

• घरबसल्या: जपान फाउंडेशनने फेब्रुवारी २०२२ मध्ये दोन आठवडे २५ देशांत मोफत ऑनलाइन महोत्सव भरवला. भारत त्यात होता.

१५. आता बिरवाडीची पाळी

वीर स्टेशनातून कोकण रेल्वे पकडून गोवा गाठा, एसटीने मुंबई गाठा, वरंध घाट उघडा असेल तर भोरमार्गे पुणे गाठा. जरूर जा. पण खरी मजा येईल ती महोत्सव आपल्याकडे आणण्यात. लागतं काय? एक सभागृह, एक प्रोजेक्टर, एक पांढरा पडदा आणि चार धडपडी माणसं. भातकापणी, झोडणी आटपली की दिवाळी आणि शिमग्याच्या मधे सगळ्यांना सवड असते. सकाळी शाळेच्या पोरांसाठी ‘टोटोरो’, दुपारी ‘इकिरू’, रात्री जेवणं उरकून ‘सेव्हन सामुराई’. एवढ्यावर पहिलं वर्ष साजरं होईल. चित्रपट चारचौघांत दाखवायचा तर हक्कदाराची रीतसर परवानगी हवी, म्हणून पत्रव्यवहार पावसाळ्यातच सुरू करावा. जपानी वकिलात आणि दिल्लीचं जपान फाउंडेशन यांचं कामच मुळी हा सिनेमा लोकांपर्यंत नेणं हे आहे, तेव्हा पहिलं पत्र त्यांना.

शाळेतल्या मराठीच्या शिक्षकांनी, भजनी मंडळातल्या बुवांनी, एकपात्री करणाऱ्या पोरांनी बिरवाडीचा पहिला बेन्शी व्हायची तयारी आत्तापासून करावी. आवाज आपल्याकडे आहेत, गोष्टी जपानकडे आहेत. पहिल्या वर्षी पन्नास माणसं आली तरी ती पुढच्या वर्षी आपल्याबरोबर आणखी पन्नास घेऊन येतील.